गाडीची हळद

अमृतनं ओलं पोतं रेडिएटरच्या झाकणावर टाकलं, तोंड एका बाजूला वळवलं आणि दोन्ही हातांनी दाबून झाकण फिरवलं. आधी नुसतं फुस्स झालं. मग पोत्याच्या कडेनं पिवळा फेस उसळून वर आला, नळ्या-वायरींवरून ओघळला आणि खालच्या धुळीत थबथब पडू लागला. अंबिकाबाईंनी पदर नाकाला लावला, तरी वास पदरातून आत शिरलाच. वरण नासून चार दिवस बंद डब्यात राहावं आणि वर कुणीतरी रॉकेल ओतावं, तसला वास होता तो.

"आयो!" अमृत मागं सरकला. "काय पाजलंय हो काकू ह्या गाडीला?"

काय पाजलंय हे अंबिकाबाईंना ठाऊक असतं, तर त्या समनापूरच्या अलीकडे ह्या पत्र्याच्या गॅरेजसमोर भर उन्हात कशाला उभ्या राहिल्या असत्या? गाडी उद्या जाणार होती. ती विकत घेणाऱ्या गोरक्षनाथच्या ताब्यात जायच्या आत एकदा शेवटचं राहात्याला बहिणीकडे जाऊन यावं, एवढीच त्यांची हौस. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी अंगणातल्या खुर्च्यासुद्धा आत नेऊन ठेवल्या होत्या. पण शिकल्या त्या शिकल्या. आज सकाळी विष्णुपंत कागदपत्रं घेऊन एसटीनं श्रीरामपूरला आरटीओत गेले आणि जाता जाता बजावून गेले, "गाडीला हात लावू नकोस. धुऊनपुसून ठेवलीय." एसटी स्टँडच्या बाहेर पडली असेल-नसेल, तोवर बाईंनी चावी घेतली. जाताना गाडी नीट गेली. येताना तळेगाव ओलांडलं आणि काटा वर चढू लागला तो चढतच गेला.

अमृतनं दोन बोटं फेसात बुडवली, अंगठ्यावर चोळली आणि नाकाशी नेली. तोंडातली तंबाखू तो बाजूला थुंकला. ती पिचकारी नेमकी अंबिकाबाईंच्या चपलेपासून हातभर अंतरावर पडली. त्यांनी पाय मागं घेतला.

"हळद हाय."

"हळद?"

"हळद म्हंजी हळद. आमटीत घालता ती." तो हसला. त्याचे दात बघवत नव्हते. "पी हळद नि हो गोरी! रेडिएटरला बारीक भोक असलं का लोक टाकत्यात चमचाभर. फुगती, भोकात जाऊन बसती, गळती थांबती. आठ-पंधरा दिवस निभतं. पन हिच्यात चमचाभर न्हाई. वाट्याच्या वाट्या वतल्यात कुनीतरी. सडलीया आत."

"पण गाडी गळत नाही," अंबिकाबाई म्हणाल्या. "खाली कधी थेंब नसतो. पाणी मात्र रोज कमी होतं. हे रोज सकाळी तांब्या घेऊन भरतात."

विष्णुपंतांचा तो सकाळचा तांब्या त्यांना आठवला. दोन महिने तो चालला होता. 'अहो, रोज कसं लागतं पाणी?' असं विचारलं, की ते म्हणत, उन्हाळा आहे, तुला-मला नाही का लागत? उत्तर इतकं गोड होतं, की पुढं विचारावंसंच वाटत नसे.

"थेंब न्हाई ना? मंग ऐका." अमृतनं ऑइलची पट्टी ओढून काढली आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. काळं तेल असायचं तिथं दुधाळ, तपकिरी, बुळबुळीत काहीतरी चिकटलं होतं. साय धरलेल्या चहासारखं. "पानी ऑइलात चाललंय. आता चावी फिरवा जरा."

त्यांनी चावी फिरवली. रेडिएटरच्या उघड्या तोंडातून बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक, उकळत्या पिठल्याचे यावेत तसे. मागं सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत होता आणि त्याला एक गोडसर, मळमळवणारा वास होता.

"बंद करा, बंद करा. बघितलं? हेड गॅस्केट गेलंय. इंजिनच पानी पितंय, भाईर गळंल कशाला? दुखनं इंजिनात, नि हळद रेडिएटरला. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी! त्या हळदीनं रेडिएटरबी चोंदला, मंग इंजिन आनखी तापलं. तापलं म्हनून आनखी हळद." त्यानं फॅनच्या मागं हात घालून एक वायर ओढून दाखवली. वायरीवरची चिकटपट्टी नवी कोरी होती. "आनि ही गंमत बघा. फॅन डायरेक्ट केलाय. चावी फिरवली का फॅन चालू. म्हंजी काटा लवकर वर चढत न्हाई. गावातल्या गावात फिरवून दाखवायला गाडी ठनठनीत! लांब काढली का बोंबलली."

"हे कोण करतं असं?"

"वायरीचं काम कुन्या मेकॅनिकचं. हळद मातर घरचीच दिसती." मग त्यानं सहज, चहाचं विचारावं तसं विचारलं, "विकायचीय ना गाडी?"

अंबिकाबाईंनी चमकून त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"ठेवायची असती तर हळद कशाला घातली असती कुनी?"

त्यांनी नजर गाडीकडे वळवली. अमृतला वाटलं, काकू लाजल्या. तो जवळ सरकला आणि आवाज खाली घेऊन समजूत काढू लागला. "टेन्शन घेऊ नका, काकू. समदेच करत्यात. ही घान मी धुऊन देतो. एक पावडर येती डबीत, ती टाकू. आत जरा सेंट मारू. घेनारा घरी पोचंस्तोवर गाडी शिटी मारत न्हाई, ही गॅरंटी माझी. झाकली मूठ सव्वा लाखाची!" आणि त्यानं डोळा मारला.

आयुष्यात अंबिकाबाईंना पुरुषांनी डोळा मारला नव्हता असं नाही. पण हा डोळा वेगळा होता. तू आमच्यातली, असं तो सांगत होता. त्यांना वाटलं, कुणीतरी तोच पिवळा राडा आपल्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटून दिली.

"घेणारा त्याच्या आजारी बापाला आणणार आहे ह्या गाडीतून," त्या म्हणाल्या. "राजूरकडून संगमनेरला. आठवड्यातून दोनदा, डायलिसिसला."

अमृतचा हात क्षणभर वायरीवर थांबला. मग त्यानं खांदे उडवले.

"मंग विठ्याच्या घाटात उभी ऱ्हानार," तो म्हणाला आणि पाण्याची बादली आणायला गेला.

त्यानं पाणी भरलं, झाकण लावलं, हळू जा म्हणून सांगितलं. रॉकेलच्या फडक्यानं हात खसाखसा पुसले. हात स्वच्छ निघाले, नखं मात्र पिवळीच राहिली. अंबिकाबाई त्या नखांकडे बघत राहिल्या. अशी नखं त्यांनी घरात बघितली होती. जेवायच्या पानावर, अगदी समोर. 'हे काय?' म्हणून विचारल्यावर विष्णुपंत हसले होते. 'लोणच्याची बरणी ढवळली गं.'

आणि अंबिकाबाईंनी ती बरणी उघडूनही बघितली नव्हती.

घरी येईतो गाडीच्या काट्यावर एक डोळा होता आणि दुसरा मनातल्या हळदीच्या डब्यावर. अंबिकाबाई दर वर्षी आठवडी बाजारातून हळकुंडं निवडून आणत, उन्हं दाखवून दळून आणत आणि पितळी डब्यात भरून ठेवत. वर्षाची बेगमी. ह्या वर्षी माघात भरलेला डबा चैत्रातच तळाला गेला. घरात माणसं दोन. मुलगा धवल पुण्याला, तो दिवाळीला येणार. मग हळद जाते कुठं? घरात तिसरा हात एकच होता, धुणीभांडी करणाऱ्या भीमाबाईचा.

त्यांनी भीमाबाईला विचारलं नव्हतं. चोर म्हणून कुणाच्या तोंडावर बोलायचं, हे त्यांच्यात बसत नव्हतं. त्यांनी फक्त डबा खालच्या फळीवरून उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, भीमाबाईच्या देखत. दुसऱ्या दिवसापासून भीमाबाई स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेनाशी झाली. घासलेली भांडी पाटीत भरून दाराबाहेर ठेवी आणि 'ठिवलीत बाई' म्हणून निघून जाई.

हे सगळं विष्णुपंतांना अंबिकाबाईंनी सांगितलं होतं. आणि विष्णुपंत काय म्हणाले होते? 'जाऊ दे अंबिका. गरिबाचं पोट आहे. चिमूटभर हळदीनं आपण काही रस्त्यावर येत नाही.' तेव्हा नवऱ्याच्या मनाच्या मोठेपणानं बाईंचे डोळे भरून आले होते. आता तेच आठवून त्यांना स्टिअरिंगवरच ओकारी येईलसं वाटलं.

विष्णुपंत म्हणजे कॉलेजचे निवृत्त हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. तीस वर्षांत कुणाच्या चहाला मिंधे नव्हते, असं ते स्वतःच सांगत, आणि इतकं वारंवार सांगत की लोकांनाही ते पाठ झालं होतं. नाकानं कांदे सोलावेत ते त्यांनीच. गोरक्षनाथचे वडील काकासाहेब त्यांच्याच हाताखाली शिपाई होते. काकासाहेबांच्या किडन्या गेल्या आणि गोरक्षनाथ त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून राजूरकडून संगमनेरला आणू लागला. म्हातारा डुलकी लागून पडू नये म्हणून तो त्यांना उपरण्यानं स्वतःच्या कमरेला बांधून आणी. ते दृश्य एकदा विष्णुपंतांनी बघितलं आणि कळवळून म्हणाले, 'माझी गाडी घेऊन जा. तुला म्हणून स्वस्तात देतो.' मंदिराच्या कट्ट्यावर ह्या दानशूरपणाची चार दिवस चर्चा होती. गोरक्षनाथला कुणी म्हणालं, मेकॅनिकला दाखवून तरी घे. तो हसला म्हणे. 'भाऊसाहेबांची गाडी म्हटल्यावर बघायचं काय?'

संध्याकाळी विष्णुपंत परतले. हातपाय धुतले, साबण लावून कोपरापर्यंत, देवापुढं दिवा लावला, आणि पानावर बसले. अंबिकाबाईंनी वाढलं. गाडी होती तिथं होती, धुऊनपुसून. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, एकदा विचारायचं. माणूस चुकतो. उद्याच्या आत बोलला तर बोलला.

"गाडीत काही खोट नाही ना हो? परक्याच्या हातात जाणार."

"ठणठणीत आहे."

"पाणी कमी होतं ते?"

"यंत्र म्हटलं की पाणी पिणारच." त्यांनी भातावर आमटी घेतली, कालवली, आणि हात थांबवला. "ही आमटी अशी पांढरीफटक का?"

"हळद संपली."

अंबिकाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. एक शीर हलली असती, एक घास अडकला असता, तरी त्यांना पुरलं असतं. विष्णुपंतांनी घास घेतला, नीट चावला, गिळला.

"जाऊ दे," ते मऊ आवाजात म्हणाले. "भीमाबाईला बोलू नकोस काही. गरीब माणसं."

अंबिकाबाई उठल्या आणि मोरीत जाऊन चूळ भरली. तोंडात काही नव्हतं, तरी भरली. पुन्हा भरली. मागून विष्णुपंतांच्या भुरक्यांचा आवाज येत होता. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज. तो इतका किळसवाणा आहे, हे त्यांना आजच कळलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलती झाल्यावर बापलेक आले, हॉस्पिटलातून थेट. गोरक्षनाथनं फाटकाशी मोटरसायकल लावली आणि कमरेची गाठ सोडली. काकासाहेबांच्या दंडाला सुयांच्या जागी पट्टी होती, चेहरा चिंध्या झाल्यासारखा. डायलिसिस झालं की त्यांच्या अंगात उभं राहायचंही त्राण उरत नसे. पण गाडी बघून म्हातारा हसला.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच आहे आता, काकासाहेब. बसा, बसा," विष्णुपंत म्हणाले. पांढरा सदरा, कपाळाला गंध.

काकासाहेबांनी आधी वहाणा काढल्या. घरात शिरताना काढाव्यात तशा काढून त्यांनी त्या दाराशी जोडीनं ठेवल्या आणि मागच्या सीटवर चढून बसले. सीटवरून हात फिरवला. मग डोकं मागं टेकलं. "लई बेस," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

गोरक्षनाथनं पिशवीतून पेढे काढले, हार काढला, चाकांखाली ठेवायला लिंबं काढली. "काकू, तुमच्या हातानं पूजा झाली पाहिजे. मंगच चावी घेतो." त्याचा हात बॉनेटवर होता, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. "दादांना आता उपरन्यानं बांधायला नको."

अंबिकाबाई तबक घेऊन आल्या. निरांजन होतं, अक्षता होत्या, कुंकवाची वाटी होती, नारळ होता. दुसरी वाटी मोकळी होती.

"अगं, हळद राहिली," विष्णुपंत म्हणाले.

"हो." त्यांनी तबक ओट्यावर ठेवलं. अंगणाच्या कडेला भीमाबाई झाडत होती. "भीमाबाई, आत जा आणि वरच्या फळीवरचा पितळी डबा आण."

खराटा थांबला. "मी न्हाई बाई. मी त्या डब्याला हात लावायची न्हाई."

"लाव. आज तूच आण."

भीमाबाईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग पदराला हात पुसून ती आत गेली. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ती डबा घेऊन बाहेर आली तेव्हा तिनं तो अंगापासून लांब धरला होता.

"उघड."

तिनं उघडला. तळाशी नखभर पिवळी धूळ होती.

"भीमाबाई," अंबिकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तो फाटकापर्यंत गेला असता. "तुझ्यावर मी आळ घेतला. तोंडानं नाही, डबा वर ठेवून घेतला. हळद तू नेली नव्हतीस. ती ह्यांनी गाडीत ओतली. पाणी टिकावं म्हणून."

विष्णुपंतांनी हसल्यासारखं केलं. "अगं, काय हे... थोडीशी. सगळेच घालतात. जुनी गाडी म्हटल्यावर..."

गोरक्षनाथनं टोमॅटोच्या हंगामात भाड्याच्या पिकअपवर दिवस काढले होते. गाडीत हळद कधी घालतात आणि कशाला घालतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं बॉनेटवरचा हात काढून घेतला. तळहात पँटला पुसला, मग पुन्हा पुसला.

"घाट चढली नसती ना, काकू?" त्यानं विष्णुपंतांकडे न बघता विचारलं.

"नाही."

तो मागच्या दाराशी गेला. काकासाहेबांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला, पाय अनवाणी. गोरक्षनाथ नुसता बघत उभा राहिला. कुणालाच, विष्णुपंतांनासुद्धा, त्याला घाई कर म्हणवेना. शेवटी त्यानं खाली वाकून बापाच्या वहाणा सरळ केल्या, पाय सहज शिरावेत अशा.

"दादा," त्यानं हाक मारली. "दादा, उतरा."

"आलं व्हय घर?" काकासाहेबांनी डोळे न उघडता विचारलं.

"न्हाई. मोटरसायकलवर जायचंय."

म्हाताऱ्यानं का म्हणून विचारलं नाही. तीस वर्षं शिपायाची नोकरी केलेल्या माणसाला कुठं विचारायचं नसतं ते कळतं. तो मुलाच्या खांद्याला धरून उतरला आणि जाता जाता, सवयीनं, त्यानं विष्णुपंतांना हात जोडले. "येतो, भाऊसाहेब."

विष्णुपंतांचे हात वर झाले नाहीत. त्यांनी ते मागं धरले होते, नखं दिसू नयेत असे.

"आज इथं राहा," अंबिकाबाई म्हणाल्या.

गोरक्षनाथनं घराकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. त्या घरात त्यांनाही राहावंसं वाटत नव्हतं. गोरक्षनाथ मोटरसायकलवर बसला, काकासाहेब मागं बसले. उपरणं दोघांभोवती फिरवून आणलं, पण गाठ पुढून त्याच्या हाताला नीट येईना. अंबिकाबाई पुढं झाल्या. त्यांनी दोन्ही टोकं घट्ट ओढली, गाठ मारली, ओढून बघितली, आणि वर दुसरी मारली.

मागं ओट्यावर निरांजन जळत होतं. भीमाबाईनं डबा उचलला, झाकण लावलं आणि उंबरा ओलांडून आत जाऊन तो खालच्या फळीवर ठेवून आली.